स्लो कुकरमधील सॉसेज ग्रेव्ही: शिजवावी कुठे आणि ठेवावी कुठे?

डोंगरपायथा

अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीत राहायला आले त्याला आता चौदा वर्षे झाली. इथल्या न्याहारीतला जो पदार्थ समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, तो म्हणजे बिस्किटे आणि सॉसेज ग्रेव्ही. यातले दोन्ही शब्द आपल्याला फसवतात, म्हणून आधी त्यांचा उलगडा करते. इथले बिस्कीट चहात बुडवायचे नसते. मैदा, ताक, लोणी आणि बेकिंग पावडर यांचा तो मुठीएवढा, किंचित खारट, आतून मऊ आणि पदर सुटणारा पाव असतो. ग्रेव्हीतही कांदा-खोबऱ्याचे वाटण नसते. डुकराच्या मसालेदार खिम्याला सुटलेल्या चरबीत मैदा परतायचा, त्यावर दूध ओतायचे आणि भरडलेली मिरी घालायची. जो पांढरा, ठिपकेदार, दाटसर रस होतो ती ग्रेव्ही. सॉसेज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आतड्यात भरलेल्या कांड्या येतात, पण इथे लागते ते मोकळे सॉसेज. सेज नावाच्या उग्र वासाच्या झुडपाचा पाला, मिरी, सुक्या लाल मिरचीचे तुकडे आणि मीठ घातलेला हा खिमा प्लास्टिकच्या वेष्टनात, लहानशा लोडासारखा, एक पौंडाच्या (४५४ ग्रॅम) मापात मिळतो.

हा ॲपलाचियन डोंगराळ भागातला, कष्टकऱ्यांच्या घरचा पदार्थ आहे. हिवाळ्यात डुक्कर कापले की सॉसेज होई आणि दूध व पीठ घरात असेच, त्यामुळे थोड्या मांसात मोठे कुटुंब पोटभर जेवून कामाला जाऊ शके. लाकूडतोड्यांच्या वसाहतींत ही ग्रेव्ही सर्रास होत असे आणि म्हणून तिला अजूनही 'सॉमिल ग्रेव्ही', म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीची ग्रेव्ही, म्हणतात. मैद्याऐवजी मक्याचे जाडसर पीठ घातले की ती लाकडाच्या भुशासारखी रवाळ लागते, हा विनोद त्याच नावातून निघालेला आहे.

आता मुद्द्यावर येते. गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात सर्वांनी घरून काहीतरी करून आणायची न्याहारी ठरली आणि मी ग्रेव्हीचे नाव नोंदवले. रात्री झोपण्यापूर्वी कच्चा खिमा, दूध, मैदा, मिरी असे सगळे स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद तापावर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, घातले, 'लो' लावले आणि आठ तासांनी उठून झाकण काढले. वर पिवळ्या चरबीचा बोटभर तवंग होता, त्याखाली निवळीसारखे पाणी आणि त्यात पनीरासारखे कण तरंगत होते. खिम्याचा एकसंध करडा गोळा झाला होता आणि डाव तळापर्यंत नेला तेव्हा लापशीसारखा चिकट थर हाताला लागला. त्या दिवशी मी दुकानातून डोनट घेऊन गेले.

शेजारच्या सत्तरी उलटलेल्या बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की जी ग्रेव्ही शेगडीवर वीस मिनिटांत होते ती रात्रभर शिजवून मी काय मिळवणार होते. त्यानंतर त्यांच्या शेजारी उभी राहून ती तीन-चार वेळा करून पाहिली. माझे मत आता पक्के झाले आहे: ही ग्रेव्ही तव्यावर शिजवावी, आणि स्लो कुकरचा उपयोग ती तीन तास गरम ठेवण्यापुरता करावा.

बारा जणांसाठी मी दोन पौंड सॉसेज घेते. बिडाचा मोठा तवा मध्यम आचेवर तापवून त्यात खिमा पसरते आणि पहिली चार-पाच मिनिटे त्याला फारसा हलवत नाही, कारण तळाला जो खरपूस तांबूस थर धरतो त्यातच ग्रेव्हीची खरी चव असते. स्लो कुकरमध्ये हा थर कधीच धरत नाही, कारण तिथे खिमा आपल्याच पाण्यात उकडत राहतो. मग लाकडी कालथ्याने तो फोडून पूर्ण शिजवते. सुटलेली चरबी काढून न टाकता त्यावर दोन तृतीयांश कप, म्हणजे साधारण ८० ग्रॅम मैदा भुरभुरते आणि दोन मिनिटे परतते. मैद्याचा कच्चा वास जायला हवा, पण शिऱ्यासाठी भाजतो तसा त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. दूध एकंदर सहा कप, म्हणजे जवळजवळ १.४ लिटर लागते. त्यातला पहिला कप थोडा थोडा घालत, तव्याचा तळ खरवडत, सगळ्याचा गुळगुळीत लगदा होऊ द्यायचा. बाकीचे दूध नंतर एकदम ओतले तरी गुठळ्या होत नाहीत. दूध साय न काढलेले, इथल्या बहुतेक दुकानांत लाल झाकणाचे मिळते ते, घ्यावे. उकळी फुटून दोन मिनिटे झाली की दीड-दोन चहाचे चमचे भरडलेली मिरी घालायची. मीठ मात्र चव पाहूनच, कारण सॉसेजात ते आधीच भरपूर असते.

या टप्प्यावर ग्रेव्ही कढीपेक्षा जरा दाट पण पिठल्यापेक्षा बरीच सैल असताना उतरवायची. ती नंतर दाटते, हे ठाऊक नसल्यामुळे माझी दुसरी खेप भांडे उलटे केले तरी पडणार नाही अशी झाली होती. स्लो कुकरच्या भांड्यात गरम पाणी घालून ते अर्धा तास 'हाय'वर आधीच तापवून ठेवते, पाणी ओतून टाकते, उकळती ग्रेव्ही त्यात घालते आणि 'वॉर्म' लावते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तळापासून ढवळते. दोन कप दूध गरम करून थर्मासमध्ये भरून नेते आणि ग्रेव्ही दाटेल तसे त्यातले पळीभर घालते.

स्लो कुकरमध्येच पहिल्यापासून शेवटपर्यंत ही ग्रेव्ही कोणी नीट जमवली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. मला चूक ठरायला आवडेल.

रात्रपाळी

डोंगरपायथाताई, तुम्हाला चूक ठरवायचा प्रयत्न करते, निदान अर्धा तरी.

मी ओहायोत रुग्णालयात रात्रपाळी करते आणि सकाळी साडेसातला घरी पोचते. त्या वेळी तव्यापाशी उभे राहण्याचे त्राण माझ्यात नसते आणि यजमानांना दुधाशी दोन हात करायला सांगणे मला धोक्याचे वाटते. म्हणून आदल्या दुपारीच मी खिमा तव्यावर तांबूस होईपर्यंत परतते, त्यातच मैदा परतून घेते आणि गार झाल्यावर ते मिश्रण डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते. यजमान पाच वाजता उठतात आणि ते मिश्रण, बाष्पीभवन केलेल्या दुधाचे, म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्कचे, दोन डबे आणि दीड कप पाणी स्लो कुकरमध्ये घालून 'लो' लावतात. सहाला आणि सातला एकेकदा ढवळणे एवढेच त्यांच्याकडे काम असते. मी येईपर्यंत ग्रेव्ही कडेने बुडबुडत असते आणि गेल्या दोन वर्षांत ती एकदाही फुटलेली नाही.

एक पौंड सॉसेजाला १२ औंसाचे (३५४ मिलीलिटर) दोन डबे आणि एक तृतीयांश कप मैदा हे माझे प्रमाण आहे. नव्याने करणाऱ्यांसाठी एक सूचना देते: शेजारच्याच फळीवर कंडेन्स्ड मिल्क असते, ते गोड असते आणि डब्यांचा आकारही फसवा असतो. आमच्याकडे एकदा चुकून मिरी घातलेली बासुंदी झाली होती.

सायसाखर

मी महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायात बावीस वर्षे काम केले असल्याने दोन्ही अनुभवांमागचे कारण सांगू शकतो.

साधे दूध तासन्तास तापत राहिले की त्यातली प्रथिने हळूहळू एकमेकांना धरू लागतात. सॉसेजातले मीठ आणि वाढत जाणारी आम्लता यांमुळे हे आणखी लवकर घडते. शेवटी प्रथिने गाठी करून बाजूला होतात, पाणी वेगळे पडते आणि ज्या चरबीला त्या प्रथिनांनी धरून ठेवलेले असते ती सुटून वर येते. डोंगरपायथा यांनी सांगितलेला तवंग, निवळी आणि पनीरासारखे कण हे याच क्रमाचे तीन भाग आहेत. यावरचा उपाय आपल्या घराघरांत पूर्वापार आहे. ताक नुसते तापवले तर फुटते, पण त्यात बेसन कालवून कढी केली तर ती उकळी सोसते. ग्रेव्हीत मैदा तेच काम करतो, मात्र त्यासाठी त्यातला पिष्टाचा (स्टार्चचा) कण फुललेला असावा लागतो. गव्हाचे पिष्ट साठ अंशांच्या आसपास फुगू लागते, पण पूर्ण दाटपणा येण्यासाठी ९० अंश सेल्सियसच्या पुढे जावे लागते. थंड दुधाने भरलेला स्लो कुकर तिथे पोचायला काही तास घेतो. तोवर न फुललेला मैदा तळाशी बसतो आणि वरचे दूध निराधार तापत राहते. ताईंच्या तळाच्या लापशीचे कारण हेच आहे.

इव्हॅपोरेटेड दुधातले सुमारे ६० टक्के पाणी काढलेले असते आणि डबाबंद करून उच्च तापमानाला निर्जंतुक करताना ते फुटू नये म्हणून त्यात फॉस्फेटचे क्षार अल्प प्रमाणात घातलेले असतात. जे दूध कारखान्यातला तो ताप सोसून डब्यात आले, ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या तीन तासांना दाद देत नाही. शिवाय रात्रपाळी यांनी मैदा आधीच चरबीत परतलेला असल्यामुळे त्याच्या गुठळ्या होत नाहीत आणि कच्चा वासही राहत नाही. म्हणजे तुम्हा दोघींच्या म्हणण्यात मला फारसा विरोध दिसत नाही. तवा दोघींनीही सोडलेला नाही.

एक पुरवणी जोडतो. कोणी मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घालून पाहणार असेल, तर ते गरम ठेवायच्या ग्रेव्हीत घालू नये. त्याचा दाटपणा लवकर येतो, पण फार वेळ तापवत आणि ढवळत राहिल्यास तो मोडतो आणि रस पुन्हा पातळ होतो.

साळगावची_सून

या धाग्यामुळे माझ्या एका फसलेल्या प्रयोगाचे कारण आज कळले. दोन वर्षांपूर्वी नणंद अमेरिकेहून आली होती आणि तिने या ग्रेव्हीचे इतके वर्णन केले की मी आमचे गोव्याचे चोरिस, म्हणजे गोवा सॉसेज, फोडून त्यात मैदा परतला आणि वर दूध ओतले. दूध ओतताक्षणी फाटले, आणि रंग तर असा झाला की तो सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या चोरिसात मांसाचे तुकडे माडाच्या सुरेचे व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, आले आणि गरम मसाला यांत मुरवतात, मग आतड्यात भरून, मण्यांच्या माळेसारखे बांधून वाळवतात. त्याचे टिकणे आणि त्याची चव दोन्ही त्या आंबटपणावर उभे आहे. आता सायसाखर यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर वाटते की मी जवळजवळ लिंबू पिळूनच पनीर करायला बसले होते. चोरिसाला कांदा, बटाटा आणि स्वतःच्याच तेलाचा रस पुरतो आणि सोबतीला पाव. तेव्हा गोव्यातल्या वाचकांनी नाव सारखे आहे म्हणून दोन्ही सॉसेजे एका तव्यात आणू नयेत.

ही ग्रेव्ही इथे करायचीच असेल, तर साध्या खिम्याला काय लावावे हे कोणी सांगेल का? सेजचा पाला इथल्या बाजारात सहज मिळत नाही, पण सुका मिळू शकेल.

डोंगरपायथा

साळगावची_सून यांच्यासाठी: अर्धा किलो बऱ्यापैकी चरबी असलेल्या खिम्याला दीड चहाचा चमचा मीठ, एक चमचा भरडलेली मिरी, दीड चमचा सुका सेज, अर्धा चमचा लाल मिरचीचे तुकडे आणि चिमूटभर साखर लावून, चांगले मळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मिठामुळे खिमा घट्ट धरतो आणि परतताना त्याचे मोठे कण राहतात. कोंबडीचा किंवा टर्कीचा खिमाही चालतो, मात्र त्याला चरबी फार सुटत नाही, म्हणून मैदा घालण्यापूर्वी जितका मैदा तितकेच लोणी वजनाने घालावे लागते. सेज नसेल तर दुसरा कोणताही पाला घालू नका, मिरी वाढवा. ओव्याची पाने घालून मी एकदा पाहिले. ग्रेव्ही भज्यांच्या वासाची झाली.

रात्रपाळी यांच्या पद्धतीने मी गेल्या शनिवारी करून पाहिले. ग्रेव्ही अजिबात फुटली नाही आणि चार तास 'वॉर्म'वर राहूनही तशीच मखमली होती. माझी तक्रार चवीची आहे. इव्हॅपोरेटेड दुधाला आटवलेल्या दुधाचा, खव्याच्या जवळ जाणारा किंचित गोडवा असतो आणि तो मिरीखालून डोकावतो. म्हणून आता निम्मे साधे दूध आणि निम्मे डब्यातले असे करून तव्यावरच उकळी आणते आणि मग कुकरमध्ये ओतते. माझ्या मूळ म्हणण्यातली 'स्लो कुकर फक्त गरम ठेवण्यापुरता' ही ताठर भूमिका थोडी सैल करते. डब्यातले दूध असेल तर शेवटचे शिजणे तिथे होऊ शकते.

जुनेपाने

ज्या यंत्रावर ही चर्चा चालली आहे त्याचा उगम इथे सांगण्यासारखा आहे, कारण त्यातूनच ते कशासाठी आहे हे कळते. शिकागोचे अभियंते अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली या विद्युत भांड्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईचे माहेर लिथुआनियातल्या विल्ना शहरात होते. तिथल्या ज्यू कुटुंबांतून शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, आदल्या सायंकाळी चोलंत नावाचे कालवण, म्हणजे घेवडे, बटाटे, बार्ली आणि मांस यांचे भांडे, गावातल्या भटारखान्याच्या विझत चाललेल्या भट्टीत ठेवले जाई आणि दुसऱ्या दिवशी शिजून परत येई, कारण शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो. आईने सांगितलेल्या त्या आठवणीवरून नॅक्सन यांना कल्पना सुचली. पुढे १९७० साली रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि १९७१ पासून क्रॉक-पॉट या नावाने भांडे घरोघरी पोचले.

चोलंतमधली प्रत्येक वस्तू रात्रभराच्या मंद तापाने सुधारणारी आहे. घेवडा मऊ होतो आणि चिवट मांस सुटते. सॉसेजचा खिमा दहा मिनिटांत शिजतो आणि दूध तर तापाने बिघडतेच, त्यामुळे रात्रभराच्या शिजण्यातून त्यांना मिळण्यासारखे काही नाही. शिवाय ज्यू आहारनियमांनुसार डुक्कर वर्ज्य आणि मांस व दूध एकत्र करणेही वर्ज्य. म्हणजे नॅक्सन यांच्या आईच्या भांड्यात आपण नेमका तोच पदार्थ शिजवतो आहोत, जो त्या स्वयंपाकघराच्या दारातूनही आत आला नसता.

घाईगडबड

मला ही सगळी चर्चा जरा अतिच वाटते. मी गोठलेला कच्चा खिमा तसाच भांड्यात टाकतो, सकाळी ब्लेंडर फिरवतो आणि मुले खातात. आजवर कोणाचे पोट बिघडलेले नाही.

रात्रपाळी

घाईगडबड, ब्लेंडरबद्दल मी काही म्हणणार नाही, पण गोठलेल्या खिम्याबद्दल म्हणावेच लागेल. अमेरिकी कृषी खात्याची स्पष्ट सूचना आहे की स्लो कुकरमध्ये मांस घालण्यापूर्वी ते पूर्ण वितळलेले असावे. ४ ते ६० अंश सेल्सियस (४० ते १४० फॅरनहाइट) या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात, आणि दोन पौंडांचा बर्फाळ गोळा मंद तापावर त्या पट्ट्यातून फार सावकाश वर येतो. काही जंतू त्या काळात जे विष तयार करतात ते पुढे उकळूनही नष्ट होत नाही. डुकराचा खिमा आतपर्यंत ७१ अंशांना (१६० फॅरनहाइट) पोचला पाहिजे, आणि गोळ्याचा आतला भाग सर्वांत शेवटी पोचतो. विलंबाने सुरू होणारा टायमर लावून कच्चे मांस आणि दूध रात्रभर ओट्यावर ठेवणे तर त्याहूनही वाईट. आमच्या यजमानांना मी पाच वाजता उठवते ते उगीच नव्हे.

'वॉर्म' या खुणेबद्दलही लिहिते. ती गरम पदार्थ गरम ठेवण्यासाठी आहे, थंड पदार्थ तापवण्यासाठी नाही. फ्रिजमधली उरलेली ग्रेव्ही आधी शेगडीवर ७४ अंशांपर्यंत (१६५ फॅरनहाइट) तापवावी आणि मगच भांड्यात ओतावी. दहा-बारा डॉलरांचा स्वयंपाकाचा तापमापक घेऊन एकदा आपल्या कुकरचे तापमान मोजून ठेवावे. जुने कुकर 'वॉर्म'वर ६० च्या खाली रेंगाळत असतील, तर ते 'लो'वरच ठेवून जास्त वेळा ढवळणे बरे.

घाईगडबड

गोठलेल्या खिम्याचे मान्य. ब्लेंडर मात्र राहील.

सदाशिवपेठी_आजोबा

चिरंजीवांनी अमेरिकेतून स्लो कुकर आणून दिला आहे आणि तो तीन वर्षे माळ्यावर आहे. हा धागा वाचून काढावासा वाटतो. प्लगचे टोक बदलणारा अडॅप्टर घरात आहे, तेवढ्यावर चालेल ना?

सायसाखर

आजोबा, कृपया लावू नका. तिथले उपकरण १२० व्होल्टसाठी असते आणि आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब कमी करत नाही, त्यामुळे तापतार जळू शकेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर चालेल, पण कुकरच्या तळाशी लिहिलेल्या वॅटपेक्षा त्याची क्षमता बरीच जास्त हवी. चार माणसांच्या न्याहारीसाठी ग्रेव्ही गरम ठेवायला मोठ्या पातेल्यात कढत पाणी आणि त्यात लहान पातेले, मंद आच, एवढे पुरते. त्यात ती तळालाही लागत नाही.

पालेभाजी

आम्ही घरात मांस आणत नाही, पण मुलीला शाळेतल्या मैत्रिणींकडे ही बिस्किटे-ग्रेव्ही खाऊन गोडी लागली आहे. शाकाहारी रूप कितपत जवळ जाते?

डोंगरपायथा

पालेभाजी, अर्धा किलो मश्रूम बारीक चिरून लोण्यात, पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा मिनिटे परता. त्यांतच सेज, मिरी आणि मिरचीचे तुकडे घाला, पुढे मैदा आणि दूध तेच. पाणी आटण्यापूर्वी मैदा घातला तर ग्रेव्ही करडी होते आणि कुकरमध्ये आणखी पातळ पडते. या भागात मांस नसलेल्या ग्रेव्हीची परंपराही आहे. टोमॅटोची असते आणि कोको, साखर, दूध व मैदा यांची चॉकलेट ग्रेव्हीसुद्धा असते, तीही बिस्किटांवरच ओततात. मुलीला ती आधी दाखवू नये असा माझा सल्ला आहे, कारण मग मश्रूमकडे ती पाहणार नाही.

बिस्किटांसाठी मैदा निवडताना मऊ, कमी प्रथिनांचा घ्यावा. इथल्या बायका त्यासाठी व्हाइट लिलीच्या पिठावर अडून बसतात. ते इथल्याच नॉक्सव्हिल शहरात १८८३ साली सुरू झाले. तिथली गिरणी २००८ साली बंद होऊन दळण दुसरीकडे गेले, तेव्हापासून पीठ पूर्वीसारखे राहिले नाही ही तक्रार मी माझ्या शेजारीणबाईंकडून दरवेळी ऐकते. माझ्या जिभेला फरक कळत नाही, पण तसे त्यांच्यासमोर बोललेले नाही.

आंबोळी

मला पुढच्या महिन्यात मुलाच्या वाद्यवृंदाच्या सकाळच्या सरावाला पंचवीस जणांसाठी न्यायची आहे. सहा क्वार्टच्या (साधारण ५.७ लिटरच्या) कुकरमध्ये दुप्पट प्रमाण मावेल का? आणि उरली तर गोठवता येईल का?

डोंगरपायथा

दुप्पट मावते, चार पौंड सॉसेज आणि बारा कप दूध घातल्यावर भांडे तीन चतुर्थांशाच्या आसपास भरते. त्याहून जास्त भरू नका, ढवळताना सांडते. खिमा मात्र दोन तव्यांत किंवा दोन खेपांत परता. एकाच तव्यात चार पौंड घातले तर तो परतला न जाता उकडला जातो, आणि मग कुकरमध्येच कच्चा घातला असता तर काय बिघडले असते, असा प्रश्न पडतो.

नेताना झाकण दोरीने बांधा आणि पोचल्याबरोबर कुकर लावा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले पाणी दर वेळी झाकण तिरके करून बाहेर टाका, नाहीतर ते कडेने परत आत उतरते आणि वरचा थर पाणचट होतो. साय धरली तर घाबरू नका, आत ढवळून टाका. आपल्याला सायीचे काय कौतुक सांगायचे, पण इथल्या मुलांना ती चालत नाही. ग्रेव्ही आणि बिस्किटे वेगवेगळी ठेवा, आणि प्रत्येकाने आपले बिस्कीट फोडून त्यावर गरम ग्रेव्ही घ्यावी.

उरलेली गोठवू नका. मैद्याने दाटवलेला दुधाचा रस गोठवून वितळवला की पाणी सोडतो आणि रवाळ होतो. उथळ भांड्यात पसरून, वाढून झाल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस राहते. गार झाल्यावर तिची वडी पडण्याइतकी घट्ट होते, पण पाव कप दूध घालून मंद आचेवर फेटत गेलात की पुन्हा सैल होते.

आंबोळी

काल नेऊन आले. निम्मे साधे, निम्मे डब्यातले दूध, तव्यावर उकळी, मग 'वॉर्म'. साडेसहा ते साडेनऊ कुकर चालू होता आणि थर्मासमधले दीड कप दूध लागले. फुटली नाही. मिरी मी कमी घातली होती, ती दोन मुलांच्या वडिलांनी येऊन मागून घेतली, तेव्हा पुढच्या वेळी ताईंच्याच प्रमाणाने घालीन. फ्रिजमध्ये ठेवण्याजोगे काही उरले नाही. भांड्याच्या कडेला सुकलेली पांढरी रेघ तेवढी होती. भांडे पूर्ण गार होऊ दिले, मग कोमट पाण्यात तासभर भिजवले आणि ती बोटाने निघाली.